कडुलिंबाभोवतीचा बाक

सप्टेंबर लागला तरी सौदीतल्या कतीफची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटून होती. बागेत खजुराचे घोस जाळीच्या पिशव्यांत बांधून झाले होते. सकाळी सहालाच बांगलादेशी गडी झाडांवर चढत, दहा वाजले की खाली उतरून सावलीत आडवे होत. बागेच्या कडेला दोन खोल्या होत्या. त्यातल्या बाहेरच्या खोलीत सिराजुद्दीन उजवा हात गळ्यात अडकवून बसलेला असे.

हाताला तीन आठवडे झाले होते. फर्निचरच्या कारखान्यात ओकाची जाड फळी मशीनवरून घसरली आणि तर्जनी नि मधलं बोट तिच्याखाली सापडलं. डॉक्टरने सहा आठवडे सांगितले होते, तेही बोटं वाकतील की नाही याची खात्री न देता. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला दोन महिने उरले होते. बाग अबू जासिमची, कारखाना अबू जासिमचा, परवान्याला जामीन राहणारा कफीलही तोच. म्हातारा वाईट नव्हता. दोनदा येऊन बघून गेला, खजूर देऊन गेला. पण पुढचं विचारलं की म्हणायचा, हात बघू. हात बरा झाला नाही तर तिघांना गावी जावं लागणार होतं, आणि मुलीची, मैमुनाची, आठवी अर्ध्यात राहणार होती.

त्याची बायको हफीजा त्याला जेवायला घाले, त्याच्या सदऱ्याची बटणं लावी. आधी त्याने घरी आणलेल्या किरकोळ कामांना पॉलिश पेपर मारणं, रंधा फिरवणं तीच करायची. दाभोळच्या खाडीकडची, होड्या बांधणाऱ्या सुताराची ती मुलगी. सातवीनंतर शाळा सुटली तरी हत्यारं सुटली नव्हती.

बदरुन्निसा टीचर आली ती याच दिवसांत. मैमुनाच्या शाळेत, मुलींच्या विभागात ती गणित शिकवायची. श्रीवर्धनकडची असल्यामुळे तिचं या घरी येणंजाणं होतं. शाळेने आठवीला सुतारकामाचा तास सुरू केला होता. मुलींनी मैदानातल्या कडुलिंबाभोवती गोल बाक बनवायचा, आणि त्यातून भूमिती शिकायची, असं तिने ठरवून मंजूर करून घेतलं होतं. प्लायच्या चार शीट आल्या होत्या. शिकवायला माणूस नव्हता. सिराजुद्दीनला विचारायला आली, आणि दारातच तिच्या लक्षात आलं की हात बरा असता तरी मुलींच्या विभागात पुरुषाला पाऊल टाकता आलं नसतं.

सिराजुद्दीन हफीजाकडे बघून म्हणाला, ही जाईल.

हफीजा चहा गाळत होती. ती म्हणाली, मी काय शिकवणार, मला पाढे तरी धड येतात का. बदरुन्निसा म्हणाली की पाढे मी बघेन, तुम्ही करवत बघा. शाळेने परवानगीचा कागद करून घ्यायला दहा दिवस लावले.

पहिल्या दिवशी सकाळी बसची वाट बघताना मैमुना आईच्या बाजूला न उभी राहता दोन हात लांब उभी राहिली. बस दिसली तशी ती हळूच म्हणाली, "अम्मी, क्लास में मेरे को नाम से बुलाना. बेटा मत बोलना."

हफीजाने मान हलवली.

शाळेच्या सुपरवायझर बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आयांच्या दाराने यायला सांगितलं. सही आयांच्या रजिस्टरमध्ये घ्यायला लावली. करड्या रंगाचा एप्रन दिला, तोही आयांचाच. हफीजाने तो घातला आणि कमरेला घट्ट बांधला. करवतीने काम करताना कपडा सुटा नको, एवढाच विचार तिने मनात ठेवला.

बावीस मुली होत्या. कोणी हात लावायला घाबरत होती, कोणी नखं जपत होती. हफीजा हिंदी बोलायला लागली की तिच्या तोंडून मराठी यायची, आणि मागच्या बाकावरून हसू फुटायचं. नूपुर नावाची नागपूरकडची एक मुलगी तिची नक्कल चांगली करायची. मैमुना त्या हसण्यात नव्हती, पण मान वर करून बघतही नव्हती.

बाकाचा नकाशा बदरुन्निसाने काढून दिला होता. झाडाभोवती विटांचा गोल कट्टा होता, त्याच्या बाहेरून बाक येणार. आतली कड मध्यापासून पाच फुटांवर, बाहेरची सहा फुटांवर. सहा सारखे तुकडे, एका शीटमधून दोन. तीन शीट पुरत होत्या, चौथी हाताशी.

सिराजुद्दीनने घरून सांगून पाठवलं होतं की जमिनीवर खिळा मार, सुतळी बांध, पेन्सिल फिरव. तसंच केलं. मैदानात, भिंतीच्या सावलीत शीट पसरली आणि सहा फुटांवर खिळा मारला. मुली पाळीपाळीने सुतळी धरून फिरल्या. सुतळी कोणाच्या हातात ताणली जाई, कोणाच्या हातात सैल पडे. साडेआठला सावली सरकली आणि जमीन पेटली. झयानत नावाच्या मुलीच्या नाकातून रक्त यायला लागलं. हफीजाने तिला आत नेलं, डोक्यावर पाणी घातलं.

तरी दोन तुकडे कापून झाले होते. दुसऱ्या दिवशी ते एकावर एक ठेवले, तर एका टोकाला बोटभर फरक. शेजारी लावले तर कड मोडल्यासारखी दिसत होती. शीट वाया गेली होती. सुपरवायझर बाई दारात उभ्या होत्या. मुलींना उन्हात नेल्याबद्दल त्या बोलल्या, लाकडाबद्दल बोलल्या, आणि शेवटी बदरुन्निसाकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या की आयाकडून शिक्षिकेचं काम होत नसतं. हफीजाला सगळं इंग्रजी कळलं नाही. आया एवढं कळलं. मैमुनाला सगळं कळलं. यापुढे काम आतच करायचं, उरलेल्या तीन शीटमध्ये बसवायचं, नाहीतर बंद, असं ठरलं.

घरी सिराजुद्दीन चिडला. पेन्सिल तिरकी धरली असेल, सुतळी नको, पट्टी घ्यायला हवी होती, असं बरंच बोलला. हफीजाने विचारलं की पट्टी घेतली तरी खिळा मारू कुठे. शाळेने दिलेली खोली म्हणजे लांबट बोळ होती. शीट पसरली की चार फुटांवर भिंत. वर्तुळाचा मध्य त्या भिंतीपलीकडे, केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या कपाटात पडत होता.  सिराजुद्दीन डाव्या हाताने उजव्या हातावरची पट्टी उगाच सारखी करत बसला.

भांडी घासताना तिला बावाची, तिच्या वडिलांची, आठवण झाली. होडीची वाक मोठी असते, तिचा मध्य खाडीत कुठेतरी असतो, तिथे खिळा मारायला कोण जाणार. बावा फळीवर दोन टोकांना दोन खिळे मारायचा. मग दोन काठ्या एका टोकाला जोडून घट्ट ठोकायचा. त्या उघड्या जोडाला तो कैची म्हणायचा. कैचीच्या दोन्ही काठ्या दोन खिळ्यांना टेकवून सरकवत न्यायच्या आणि जोडाच्या टोकाशी पेन्सिल धरायची. पेन्सिल एका खिळ्यापासून निघून दुसऱ्या खिळ्यापर्यंत जाई, आणि मागे अशी रेघ राही की डोळा ठरत नसे. हफीजाने लहानपणी शंभर वेळा ते बघितलं होतं. पण काठ्या किती उघडायच्या, ते बावा नजरेने ठरवायचा. होडीला नजर चालते. सहा तुकडे जुळून गोल मिटायचा, तर नजर चालणार नाही, एवढं तिला समजत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात सांगितलं. दोन पट्ट्या जोडून, टेबलावर दोन खिळे मारून दाखवलं. पेन्सिल सरकली, वाक उमटली. मागचं हसू थांबलं. बदरुन्निसा पुढे झुकून त्या रेघेकडे बघत राहिली.

हफीजा म्हणाली, "पण किती उघडायची, ते मला येत नाही."

बदरुन्निसाला ते येत होतं. ती बोलणार होती, पण थांबली आणि तिने मुलींकडे बघितलं.  मग मैमुनाने वहीत काहीतरी काढायला घेतलं. वर्तुळ, त्यावर सहा तुकड्यांचे सहा कोपरे. मग प्रत्येक दोन कोपऱ्यांच्या मध्ये, वाकेवर, आणखी एक. बारा झाले.

ती उभी राहिली, पण आईकडे न बघता फळ्याकडे बघत बोलली. हिंदीत, मध्ये इंग्रजी मिसळत. कैचीचं टोक वाकेच्या बरोबर मध्यावर येतं, तेव्हा ते या बारा कोपऱ्यांतला एक असतं. बारा बाजूंची आकृती. प्रत्येक कोपऱ्यावर आपण थोडं वळतो, पूर्ण फेरीत तीनशेसाठ अंश वळतो. बाराने भागलं की तीस. सरळ रेषेतून तीस गेले की उरले दीडशे.

"दीडशे," ती म्हणाली, आणि मग आईकडे बघितलं. "अम्मी, कैची दीडशे अंश उघडायची."

हे ती मराठीत बोलली. सगळ्या वर्गासमोर.

आता दीडशे मोजायचे कसे. कंपासपेटीतला कोनमापक तळहाताएवढा, काठ्या सहा फुटी. टोकाला केसाएवढी चूक झाली तर दुसऱ्या टोकाला बोटभर होणार. मुली कोनमापक काठीवर ठेवून बघत होत्या, काढत होत्या. हफीजाने सुताराचा काटकोनी गुण्या उचलला. हा नव्वद, एवढं तिला माहीत होतं. मग तिने विचारलं, नव्वदात किती घातले की दीडशे होतात.

साठ, नूपुर म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचे डोळे मोठे झाले. तीन सारख्या काठ्यांचा त्रिकोण केला की त्याचा प्रत्येक कोपरा साठचा असतो, हे त्या सहावीपासून पाठ करत आल्या होत्या. पाठ केलेलं ते हाताने करता येतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तीन काठ्या सारख्या कापल्या, टोकाला टोक ठोकलं. त्रिकोणाला गुण्या चिकटवला. दोन्हीच्या बाहेरच्या कडांना कैचीच्या काठ्या लावून हफीजाने चार स्क्रू पिळले आणि वर आडवी पट्टी मारून कैची पक्की केली. कुठे अंक लिहिला नाही, कुठे मापलं नाही, आणि कोन दीडशेचा होता.

शीट फरशीवर पसरली. एकमेकांपासून सहा फुटांवर, बाहेरच्या त्रिज्येएवढ्याच अंतरावर, दोन खिळे. दोन मुली कैची सरकवायला, एक पेन्सिलला, बाकीच्या भिंतीला पाठ लावून उभ्या. काठ्या खिळ्यांवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. पेन्सिल डावीकडच्या खिळ्याशी निघाली, वर चढली, मध्यावर आली, उतरली, उजवीकडच्या खिळ्याला जाऊन टेकली. ज्या वर्तुळाचा मध्य भिंतीपलीकडच्या कपाटात होता, त्याचा सहावा भाग फरशीवर पडला होता. झयानत खाली बसली आणि रेघेवरून बोट फिरवत गेली.

आतल्या कडेसाठी वेगळी कैची करावी लागणार, असं मुलींना वाटलं. नूपुर पट्ट्या आणायला निघालीसुद्धा. हफीजाने तिला थांबवलं. बावा लहान होडीला नि मोठ्या होडीला कैची बदलायचा, पण तो नजरेचा माणूस. इथे सहावाच भाग आहे, मोठ्या गोलाचा काय नि लहान गोलाचा काय. तिने दोन्ही टोकांपासून साठ अंशांत तिरकी रेघ आत आणली, एकेक फुटावर नवे खिळे मारले. आता त्यांच्यात पाच फूट होते. तीच कैची टेकवली. तीच सरकली. आतली कड बाहेरच्या कडेला सगळीकडे सारखं अंतर राखून उमटली. मैमुनाने पट्टी घेऊन पाच ठिकाणी मोजलं. पाचही ठिकाणी एक फूट.

बदरुन्निसाने फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं आणि त्यावर दोन टिंबं ठेवली. हे नववीत येतं, पण आज सांगते, म्हणाली. कैचीचं टोक तिने मध्यावर ठेवून दाखवलं, मग कडेला, मग अगदी टोकाशी. कोन तोच. मग तिने मध्यबिंदूपासून रेघा ओढून, त्रिकोण पाडून, तो कोन बदलू शकत का नाही ते पायरी पायरीने दाखवलं. हफीजा मुलींच्या मागे, आयांच्या एप्रनमध्ये उभी राहून ऐकत होती. पायऱ्या सगळ्या कळल्या नाहीत. शेवटची कळली. दोन टिंबं धरून ठेवली आणि कोन बदलू दिला नाही, तर टोकाला वर्तुळ सोडून दुसरीकडे जायला वाटच नाही.

 बावाची ती युक्ती आहे, घरातली आहे, असं तिने आयुष्यभर धरलं होतं. बावाने हे पुस्तक बघितलं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याने बावाची होडी बघितली नव्हती. आणि दोघं एकाच जागी येऊन पोचले होते.

तिने विचारलं, "टीचर, हे सगळीकडे असंच? आमच्या खाडीवर पण?"

"सगळीकडे," बदरुन्निसा म्हणाली. "कागदावर, वाळूत, कुठेही. कोणी बघायला नसलं तरी."

त्या दिवशी संध्याकाळी हफीजाने घरी दोन काठ्या आणल्या. अंगणात, खजुरांखाली, जमीन झाडूने सारखी केली आणि दोन खुंट्या ठोकल्या. सिराजुद्दीन आधी बघायला उठला नाही. बोटीला चालतं, फर्निचरला नाही, म्हणाला. मैमुनाने त्याचा डावा हात धरून उठवलं आणि काठीच्या जोडावर ठेवला. तो सरकवत गेला. धुळीत वाक उमटली. त्याने परत सरकवली. मग खुंट्या लांब ठोकायला सांगून परत. वीस वर्षं तो तयार साच्यावरून वाक कापत आला होता, आणि साचा पहिल्यांदा कोणी कसा काढला हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तो खाली बसला आणि रेघेकडे बघत राहिला.

अबू जासिम खजुराची टोपली घेऊन आला तेव्हा तिघं अशी अंगणात होती. काय चाललंय, त्याने विचारलं. सिराजुद्दीनने तोडक्या अरबीत सांगितलं आणि डाव्या हाताने करून दाखवलं. म्हाताऱ्याने टोपली खाली ठेवली, अंगातला पायघोळ थोब सावरला, उकिडवा बसला आणि काठ्या स्वतःकडे घेतल्या. एकदा सरकवल्या. सुभानल्ला म्हणाला, तेही ओठांतच. परत सरकवल्या. बराच वेळ त्याने हाताबद्दल काही विचारलं नाही. उठताना गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाला, "रविवारपासून कारखान्यात ये. हात चालेपर्यंत आखून दे. कापायला पोरं आहेत."

इकाम्याचा कागद त्याने पुढच्या आठवड्यात पाठवला. सिराजुद्दीनची तर्जनी पुढे कधी पुरती वाकली नाही.

शाळेत कापायला नऊ दिवस लागले. हफीजाने जिगसॉ प्रत्येकीच्या हातात दिली आणि स्वतःचा हात त्यावर ठेवला. रेघेच्या बाहेर राहा, रेघ खाऊ नका, पेपर मारायला जागा ठेवा. लाकडाचा भुसा केसांत, पापण्यांवर बसे. मुलींच्या तळव्यांना फोड आले, फुटले, घट्ट झाले. नूपुर आता नक्कल करत नव्हती. भुशाने खोकताना ती पदराचं टोक शोधल्यासारखी हफीजाचा एप्रन ओढून तोंड पुसायची. तुकडे एकावर एक ठेवले की सहांची एकच कड दिसे. खालचे पाय हफीजाने घरी केले, सिराजुद्दीनने आखून दिले.

बुधवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, मुली साडेसहाला आल्या. एकेक तुकडा चौघींनी उचलून मैदानात नेला. पहिला पायांवर बसवला, दुसरा त्याला लावला. तिसरा, चौथा. हफीजा प्रत्येक जोडाखाली बसून स्क्रू पिळत होती. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून खाली गळत होता. पाचवा बसला आणि एक जागा उरली. सुपरवायझर बाई व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. हफीजाला माहीत होतं की पाच जोडांत केसभर केसभर राहिलं असेल, तर ते सगळं या सहाव्या जागेत येऊन साचणार.

सहावा तुकडा आणला. मैमुना एका टोकाला, नूपुर दुसऱ्या. वरून सोडला. एक बाजू बसली. दुसरी अडली.  हफीजाने तळव्याने वरून एकदा दाबलं, जोर न लावता. तुकडा खाली उतरला आणि लाकडाला लाकूड लागल्याचा बारीकसा आवाज आला.

मैमुनाने जोडात नख घालून बघितलं. नख गेलं नाही.

मुली ओरडतील असं हफीजाला वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. त्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या, जणू ते त्यांनी केलेलं नव्हतं, आधीपासून तिथे होतं आणि आज दिसलं. झाड मध्ये उभं होतं. बाक त्याला कुठेही न टेकता सगळीकडून सारखा लांब होता. झयानत हळूच बसली. मग एकेक करत सगळ्या बसल्या, बाहेरच्या बाजूला तोंड करून, बावीस जणी, आणि तरी जागा उरली. सुपरवायझर बाई खाली आल्या. कड हाताने बघितली, मग बसल्या. उठताना हफीजाला म्हणाल्या की उद्यापासून मोठ्या दाराने या. हफीजाने मान हलवली.

घंटा झाली. मुली वर्गाकडे निघाल्या. मैमुना थांबली, आईच्या एप्रनवरचा भुसा झटकला आणि मैत्रिणींच्या मागे पळाली.

मैदानात हफीजा एकटी राहिली. हत्यारं पिशवीत भरायची होती. तिने चप्पल काढली, तळवा बाकाच्या कडेवर ठेवला आणि झाडाभोवती चालायला लागली. पहिला तुकडा कुठला बसवला होता, ते शोधत होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. जोड एकामागून एक हाताखालून जात होते, सगळे सारखे. सुरुवात कुठून केली होती, ते हाताला सापडेना.